एक वर्ग, अनेक पातळ्या

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या तिसरीच्या वर्गात एखादं मूल गोष्टीचं पुस्तक सलग वाचतं, तर शेजारचं अजून जोडाक्षराला अडखळतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. तेव्हा फरक असणारच. डी.एल.एड. करून आलेल्या नव्या शिक्षकाला सर्वांत आधी शिकावं लागतं ते मुलाची चूक वाचायला. ५२ वजा २७ चं उत्तर ३५ आलं, तर मुलानं बहुधा सातातून दोन वजा केले आहेत. मोठ्या अंकातून लहान काढायचा, एवढंच त्याला कळलंय. त्याला तशीच आणखी गणितं घालण्यात अर्थ नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे द्यावेत, एक गठ्ठा त्यालाच सोडू द्यावा. ज्याला हातच्याची वजाबाकी जमते, त्यानं तिच्यावर शाब्दिक उदाहरण रचावं. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला आधी त्याच्या भाषेतला शब्द लागतो. कमी दिसणाऱ्याला फळ्याजवळची जागा आणि ठळक अक्षरं. अशा गरजेनुसार मुलांचे गट करावेत, मात्र ते कायमचे नकोत. ‘ढ’ मुलांचा बाक (अजूनही दिसतो तो!) असाच तयार होतो. वाचनात मागे असलेलं मूल गणितात पुढे असू शकतं, म्हणून गट विषयागणिक वेगळे ठेवावेत आणि अधूनमधून बदलावेत.