ऑनलाइन मिस्सा

ऑनलाइन मिस्सा म्हणजे चर्चमधील मिस्साविधीचे आंतरजालावरून होणारे थेट प्रक्षेपण होय. कोविड-१९ च्या साथीत ही पद्धत जगभर रूढ झाली.

पार्श्वभूमी

पालघर व बोईसर-तारापूर हा परिसर १९९८ मध्ये स्थापन झालेल्या कॅथलिक वसई धर्मप्रांतात मोडतो. २५ मार्च २०२० पासूनच्या देशव्यापी टाळेबंदीत प्रार्थनास्थळे बंद राहिली. त्या वर्षीचा १२ एप्रिलचा ईस्टर भाविकांनी घरीच साजरा केला. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली व ७ ऑक्टोबर २०२१ रोजी खुली झाली.

परिणाम

अंथरुणाला खिळलेले रुग्ण व वृद्ध यांना प्रक्षेपणामुळे प्रार्थनेत सामील होता येते. तारापूर औद्योगिक वसाहतीत परप्रांतांतून आलेल्या कामगारांना आपल्या मातृभाषेतील मिस्सा पाहता येते. मात्र ख्रिस्तप्रसाद पडद्यावरून स्वीकारता येत नाही. सामूहिक गायन आणि मिस्सेनंतरची परस्परांची विचारपूसही घडत नाही. परिणामी, सहभागी भाविक केवळ प्रेक्षक होण्याचा धोका संभवतो.

चर्चची भूमिका

आभासी अनुभव हा ख्रिस्तप्रसादातील ख्रिस्ताच्या प्रत्यक्ष उपस्थितीला पर्याय नाही, असे व्हॅटिकनने २००२ मध्येच स्पष्ट केले होते. सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी प्रक्षेपणाची सेवा उपयुक्त मानली. तथापि परिस्थिती अनुकूल होताच चर्चमध्ये परतणे आवश्यक असल्याचे सांगितले. गंभीर आजारासारख्या कारणाने येऊ न शकणाऱ्यांवर रविवारच्या मिस्सेचे बंधन नसते. त्यामुळे घरी खिळलेल्या भाविकाच्या दृष्टीने प्रक्षेपणाइतकीच धर्मगुरूंची व शेजाऱ्यांची प्रत्यक्ष भेट महत्त्वाची ठरते.