चिठ्ठी पाहून बी घेता, मग प्रमाणपत्र?



सोयाबीनची पिशवी घेताना आपण आधी खूणचिठ्ठी पाहतो. निळी चिठ्ठी असली, तर प्रमाणीकरण यंत्रणेने त्या पिकाची शेतावर पाहणी केली आहे असे समजतो. हिरवी असली, तर ती उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर लावलेली असते. तरीही आपण घरी गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवतो आणि 70 उगवले तरच पेरणीचे ठरवतो.

मुलांच्या शिक्षणावर पैसा घालताना मात्र ही सावधगिरी कुठे जाते? बी.ए., बी.कॉम. झालेल्या आपल्या मुलामुलींना हल्ली ‘एच.आर.’चे, म्हणजे कारखान्यातील मनुष्यबळ विभागाचे, काम हवेसे वाटते. काम चांगलेच आहे. भरती, हजेरी, पगार, भविष्य निर्वाह निधी, कँटीन, पाळणाघर, कामगारांच्या तक्रारी, हे सारे या विभागाकडे असते. पण त्यासाठी कुणी चार महिन्यांचा अभ्यासक्रम सांगतो, कुणी परदेशी परीक्षेचे नाव घेतो आणि घरची तूर विकून फी भरली जाते. म्हणून कोणते प्रमाणपत्र निळ्या चिठ्ठीचे आणि कोणते हिरव्या, हे आधी पाहू.

निळ्या चिठ्ठीचे प्रमाणपत्र म्हणजे ज्याच्यामागे कायदा उभा आहे ते. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 49 ने 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. महाराष्ट्राच्या 1966 च्या नियमांनी या पदासाठी पदवीबरोबरच समाजकार्य किंवा कामगार कल्याण या विषयातील मान्य पदवी वा पदविका मागितली. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी कामगार संहिता लागू झाली आणि हा आकडा 500 वरून 250 वर आला. म्हणजे लहान कारखान्यांनाही आता असा माणूस लागणार.

हे शिक्षण देणाऱ्या जुन्या संस्था मुंबईतच आहेत. टाटा समाजविज्ञान संस्था 1936 सालची. परळची श्रम विज्ञान संस्था 1947 सालची. तिला आज नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली, ती त्यांच्याच चळवळीमुळे. या संस्थांत प्रवेश परीक्षेतून मिळतो आणि दोन वर्षे द्यावी लागतात. पण ती चिठ्ठी कारखान्याच्या दारात वाचली जाते.

आता हिरवी चिठ्ठी. खासगी वर्गांची प्रमाणपत्रे सगळीच वाईट असतात असे नाही. पगारपत्रक कसे करायचे, निधीचे 12 टक्के कशावर कापायचे, राज्य विमा योजनेत कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के कसे भरायचे, हे हाताने करून शिकवणारा छोटा वर्ग पहिल्या नोकरीत उपयोगी पडतो. मात्र कल्याण अधिकारी होण्यासाठी तो पुरत नाही. परदेशी परीक्षांचेही तसेच. अमेरिकेतील ‘पीएचआर’ ही परीक्षा तिथल्या कामगार कायद्यांवर बेतलेली आहे आणि तिला बसण्याआधी अनुभव लागतो. ज्याने अजून एकदाही हजेरीपट हाताळला नाही, त्याने तिच्यावर खर्च करणे म्हणजे वाफसा येण्याआधीच पेरणी करणे.

तेव्हा फी भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. प्रमाणपत्र कोण देते, विद्यापीठ की वर्गाचा मालक? कल्याण अधिकारी पदासाठी ते सरकारमान्य आहे का? असेल तर तसे लेखी द्याल का? शिकताना कारखान्यात प्रत्यक्ष काम मिळते का? आणि मागच्या तुकडीतील 10 मुलांचे पत्ते मिळतील का?

शेवटचा प्रश्न म्हणजे आपली गोणपाटाची चाचणी. त्या दहांना भेटा. सात जण त्याच कामात असतील, तर बी चांगले. दोनच असतील, तर पिशवी कितीही झगझगीत असो, परत फिरा. पत्ते द्यायलाच कुणी तयार नसेल, तर तेही एक उत्तरच समजा.

जवळच्या साखर कारखान्यातील किंवा सूतगिरणीतील कामगार अधिकाऱ्यांनाही एकदा विचारा. ते स्वतः काय शिकले आणि नव्या उमेदवारात काय पाहतात, हे ते सांगतील. आणि मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. 1966 च्या त्याच नियमांत आणखी एक अट होती: बहुसंख्य कामगारांची भाषा अधिकाऱ्याला यायला हवी. ऊसतोड कामगाराशी, हमालाशी, सूतगिरणीतल्या बाईशी तिच्या बोलीत बोलणे आपल्या मुलांना घरातूनच मिळाले आहे. त्यासाठी कुठे फी भरावी लागत नाही. तिच्या जोडीला योग्य चिठ्ठी मिळवा, म्हणजे घातलेला पैसा उगवेल.