गोटी आणि तीस वर्षांचा हिशोब

फर्स्ट इयरला असताना धाकट्या बहिणीच्या हट्टापायी बाबांनी अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून एक कासव आणलं. नाण्यापेक्षा जरासं मोठं, हिरवंगार, डोळ्यांमागे लाल पट्टा. सोबत प्लॅस्टिकचं भांडं आणि त्यात प्लॅस्टिकचंच नारळाचं झाड! "काही करावं लागत नाही, दाणे टाकायचे," दुकानदार म्हणाला. हे वाक्य किती खोटं आहे, ते गोटीने (बहिणीने ठेवलेलं नाव) आम्हाला चार वर्षांत शिकवलं.

ही जात रेड-इअर्ड स्लायडर, मूळची अमेरिकेच्या दक्षिण भागातली. आपली देशी कासवं, घोरपडी, साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, म्हणून दुकानांतून ही परदेशी पाहुणी दिसते.

सहा महिन्यांत गोटीचं कवच बोटाने दाबलं जाईल इतकं मऊ पडलं. डॉक्टरांनी विचारलं, "ऊन देता का?" देत होतो की, रोज, खिडकीच्या बंद काचेतून! इथे आपली फिजिक्स कामाला आली. कॅल्शियम अंगी लागायला डी-३ जीवनसत्त्व हवं, ते त्वचेत तयार व्हायला अल्ट्राव्हायोलेट-बी किरण हवेत आणि साधी काच नेमके तेच अडवते. मग यूव्ही-बी दिवा आणला. हा दिवा वर्षभराने दिसायला लख्ख पेटतो, पण त्यातले यूव्ही-बी किरण घटलेले असतात, म्हणून वेळेवर बदलावा लागतो.

कासवाचं शरीर स्वतः उष्णता तयार करून तापमान टिकवत नाही. म्हणून पाणी साधारण २५ अंश आणि वर दगडावर ३० ते ३५ अंश, असा फरक ठेवायचा. थंडी वाजली की ती वर येते, तापली की डुबकी मारते. थर्मोस्टॅटचं काम ती स्वतःच करते!

आता ट्रेनिंग. पेनाचं लाल टोपण पाण्यात धरायचं, तिने नाक लावलं की लगेच दाणा. महिन्याभरात ती टोपणामागे पोहत टोपलीत शिरायला लागली. पाणी बदलताना धरपकड नको, की तिची घाबरगुंडी नको. याला प्रेम म्हणू नका. टोपण म्हणजे खाऊ, एवढंच तिचं गणित. उचलून खेळवणं तिला आवडत नाही. हात लावलाच तर साबणाने धुवा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आली.

आज गोटी नऊ इंचांची आहे. मागच्या वर्षी सगळे कंटाळले. "तळ्यात सोड, पुण्य लागेल," आजी म्हणाली. मी बादली घेऊन तळ्यापर्यंत गेलोसुद्धा. पण ही जात जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. देशी कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा ती बळकावते. माझं पुण्य त्यांच्या मुळावर आलं असतं. बादली परत आणली, गच्चीवरची जुनी टाकी कापून तिला घर केलं.

ही कासवं तीस वर्षंसुद्धा जगतात. उद्या मला नोकरी बाहेरगावी लागली, बहीण हॉस्टेलला गेली, तर गोटीचं कोण करणार? उत्तर अजून सापडलेलं नाही. तेव्हा मित्रांनो, दुकानातल्या त्या नाण्याएवढ्या कासवाकडे बघून विरघळण्याआधी तीस वर्षांचा हिशोब मांडा. आम्ही तो उलट्या क्रमाने मांडतोय.