भाऊ ‘बा’, बहीण ‘अंबा’
नागपूरजवळची कोराडी बाहेरच्यांना औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांवरून कळते, भाविकांना महालक्ष्मी जगदंबेवरून. गावाचं जुनं नाव जाखापूर, अशी आख्यायिका. तिथल्या झोलन राजाला सात मुलगे: जनोबा, नानोबा, बानोबा, बैरोबा, खैरोबा वगैरे. मुलगी हवी म्हणून त्यानं यज्ञ केला, तेव्हा झाली ती जगदंबा.

हा इतिहास आहे का, ते राहू द्या, पण नावं पाहण्यासारखी आहेत. शेवटचा ‘बा’ म्हणजे बाप, वडीलधारा. विठोबा, खंडोबा, तुकोबातला तोच. बैरोबात भैरव डोकावतो. लेकीचं नाव मात्र थेट संस्कृत: जगत् अधिक अंबा, संधीत ‘त्’चा ‘द्’. म्हणजे सगळ्यांत धाकटी, आणि नावानं जगाची आई!