हवेतले परागकण लेझरने ओळखता येतात का?

परागकण मोजण्याची जगभर रुळलेली पद्धत म्हणजे १९५२ सालचा हर्स्ट सापळा. पंपाने हवा ओढायची, चिकट पट्टीवर कण धरायचे आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजत बसायचं. ओळख पक्की होते, पण आकडा हाती येईपर्यंत ती हवा केव्हाच निघून गेलेली असते. शिवाय तो आकडा सापळा बसवलेल्या एकाच गच्चीचा. २१ नोव्हेंबर २०१६ला मेलबर्नमध्ये वादळासोबत गवताचे पराग पसरले, काही तासांत हजारोंना धाप लागली आणि १० जणांचा जीव गेला. अशा वेळी मागाहून आलेला अहवाल काय कामाचा?

लायडारची गरज इथेच पडते. तो लेझरचे स्पंद आकाशात सोडतो; प्रकाश परतायला लागलेल्या वेळेवरून कणांची उंची कळते. गोल थेंब प्रकाशाचं ध्रुवीकरण जवळपास तसंच ठेवतात, वेडेवाकडे कण ते बिघडवतात. फिनलंडमध्ये बर्च आणि पाइनचे पराग याच खुणेवरून टिपले गेलेत. 'पण धूळही वेडीवाकडीच असते!' आक्षेप रास्त आहे. म्हणून दुसरी खूण हवी: ३५५ नॅनोमीटरचा अतिनील लेझर पडला की जैविक कण जास्त तरंगलांबीचा प्रकाश देतात, खनिज धूळ फारच कमी. धूरही चमकतो आणि दिवसाच्या उन्हात ही अंधुक चमक बुडते, हेही खरं. पण म्हणून लायडार बाद होत नाही. त्याच्याकडून प्रजातीचं नाव मागणंच चूक. परागांचा थर कुठे आहे, किती उंचीवर आहे, ते त्याने सांगावं. नाव सूक्ष्मदर्शकाने ठरवावं. दोन्ही जोडले तरच इशारा वेळेवर मिळेल आणि खात्रीचाही असेल.