शास्त्रानं न सांगितलेला चेहरा

येशूचं चित्र ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. डिसेंबर लागला की छत्रपती संभाजीनगरच्या दुकानांत नव्या वर्षाची कॅलेंडरं येतात, त्यांत तो असतोच : खांद्यावर रुळणारे तपकिरी केस, मधोमध भांग, राखलेली दाढी, गोरा वर्ण, बरेचदा निळसर डोळे. छावणीतल्या चर्चची पायरी कधी न चढलेला माणूसही एका नजरेत त्याचं नाव सांगेल. पण या चेहऱ्याला शास्त्राचा आधार काय, असं विचारलं तर पंचाईत होते. नव्या करारात 27 पुस्तकं आहेत. गालीलात आणि यरुशलेमात हिंडणाऱ्या येशूची उंची, वर्ण, केस किंवा डोळे यांचं वर्णन त्यांतल्या एकातही नाही.

बायबलला माणसाच्या रूपाचं वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. शौल राजा इतरांहून खांदाभर उंच होता, हे जुना करार आवर्जून सांगतो. दावीद तांबूस वर्णाचा आणि सुंदर डोळ्यांचा होता. अबशालोमाच्या केसांचं तर वजनसुद्धा नोंदवलेलं आहे. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं उंटाच्या केसांचं वस्त्र आणि कमरेचा कातडी पट्टा मार्क पहिल्याच अध्यायात दाखवतो. अशा ग्रंथात नायकाच्याच चेहऱ्याबद्दल शुभवर्तमानांचे चारही लेखक गप्प राहतात, तेव्हा त्या मौनाची दखल घ्यावीच लागते. दाविदाच्या निवडीच्या प्रसंगी शमुवेलाला एक ताकीदही मिळते : माणूस बाहेरचं रूप पाहतो, देव अंतःकरण पाहतो. शुभवर्तमानकारांनी ती ताकीद मनावर घेतलेली दिसते.

ओळख पटवायला चुंबन लागलं

थेट वर्णन नसलं तरी आडून मिळणारे पुरावे बरेच आहेत, आणि ते जवळजवळ सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात. येशू चारचौघांत उठून दिसणारा नव्हता. गेथशेमानेच्या बागेत त्याला धरायला लोक आले, तेव्हा कोणाला धरायचं हे कळावं म्हणून यहूदाला चुंबनाची खूण ठरवावी लागली. त्या घोळक्यात एकच जण उंच, गोरा आणि तेजःपुंज असता, तर खुणेची गरजच पडली नसती. योहानाच्या सातव्या अध्यायात तो सणाला गुपचूप जातो आणि गर्दीत सामावून जातो. नासरेथचे लोक त्याला कड्यावरून लोटायला निघतात, तर तो त्यांच्यामधूनच वाट काढून निघून जातो. पुनरुत्थानानंतर मग्दालीया मरीया त्याला बागेचा माळी समजते. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर चालतात, बोलतात, आणि त्याला ओळखतात ते भाकर मोडताना. यातल्या काही प्रसंगांना श्रद्धेचा वेगळा अर्थ आहे, हे मान्यच. तरी माळी म्हणून खपून जाणारा माणूस श्रमिकांसारखाच दिसत असणार, एवढं त्यातून निघतंच. नासरेथकरांच्या लेखीही तो गावचा सुतारच होता.

वयाचे दोन उल्लेख आहेत. कार्याला आरंभ केला तेव्हा तो सुमारे 30 वर्षांचा होता, असं लूक सांगतो. योहानात विरोधक त्याला, तू अजून 50 वर्षांचाही नाहीस, असं हिणवतात. विहिरीवर भेटलेली शमरोनी स्त्री त्यानं पाणी मागताच त्याला यहूदी म्हणून ओळखते, म्हणजे पेहराव आणि बोली त्या मुलखातल्या यहूद्यांचीच. वस्त्रांबद्दल शास्त्र चेहऱ्याहून जास्त बोलतं. रक्तस्रावाचं दुखणं असलेली बाई त्याच्या वस्त्राच्या काठाला, धार्मिक यहूदी पुरुष लावत त्या गोंड्याला, शिवते. वधस्तंभापाशी शिपाई त्याच्या बिनशिवणीच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. केसांचा प्रश्न पौलाच्या एका पत्रामुळे अवघड होतो. पुरुषानं लांब केस राखणं त्याला अपमानाचं वाटतं. आपल्या प्रभूचे केस खांद्यावर रुळत होते असं पौलाला ठाऊक असतं, तर त्यानं करिंथच्या मंडळीला हे लिहिलं असतं का? दाढी मात्र त्या काळच्या यहूदी पुरुषाला असणारच.

शास्त्र शरीराबद्दल जे ठामपणे सांगतं ते वेगळंच आहे. तो प्रवासानं थकून विहिरीवर बसला, त्याला भूक लागली, वादळात तो होडीत झोपला, लाजराच्या कबरेपाशी रडला. पुनरुत्थानानंतर थोमाला ओळख पटावी म्हणून त्यानं पुढे केले ते जखमांचे हात आणि कूस. चारही शुभवर्तमानांत ओळखीची खूण म्हणून दाखवलेल्या शारीरिक खुणा त्या जखमांच्याच, आणि त्या मारेकऱ्यांनी दिलेल्या.

कुरूप की सुंदर?

चेहरा सांगितलेला नसल्यामुळे वाद जुन्या कराराच्या आधारावर रंगला. यशयाच्या 53 व्या अध्यायातल्या दुःखी सेवकाला रूप नाही, सौंदर्य नाही, पाहावंसं वाटावं असं काही नाही. उलट 45 व्या स्तोत्रातला राजा माणसांत सर्वांत देखणा आहे. ख्रिस्ती परंपरेनं दोन्ही ठिकाणी येशूच पाहिला, आणि पंडितांचे दोन पक्ष झाले. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले तर्तुलियन आणि अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट यशयाच्या बाजूचे : प्रभूच्या रूपात आकर्षक काही नव्हतं. येशू बुटका आणि कुरूप होता, असा टोमणा केल्सस या ग्रीक टीकाकारानं मारला आणि ओरिगेननं त्याला उत्तर दिलं. चौथ्या शतकापर्यंत धर्माला राजाश्रय मिळाला आणि स्तोत्राची बाजू वरचढ झाली. जेरोम आणि क्रिसोस्तोम यांना तो सुंदरच हवा होता. सर्वांत शहाणं मत ऑगस्टीनचं. येशूचा चेहरा कसा होता हे आपल्याला मुळीच माहीत नाही, आणि प्रत्येक जण मनात वेगळा चेहरा रंगवतो, असं त्यानं लिहून ठेवलं.

पांढऱ्या लोकरीसारखे केस, अग्निज्वालेसारखे डोळे, भट्टीतल्या पितळेसारखे पाय असं वर्णन प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायात येतं खरं, पण तो दृष्टान्त आहे. त्याच पुस्तकात पुढे येशू वधलेल्या कोकरासारखा दिसतो, आणि त्यावरून त्याला लोकर होती असं कुणी म्हणत नाही.

आपल्या शहरातल्या वाचकाला आणखी एक दालन जवळचं आहे. सहीह बुखारीतल्या हदीसांत ईसांचं, म्हणजे येशूचं, रूप सांगितलेलं आहे : मध्यम उंची, एका कथनात लालसर वर्ण, नुकते हमामातून बाहेर आल्यासारखे, दुसऱ्या कथनात गव्हाळ रंग आणि सरळ केस. म्हणजे ख्रिस्ती शास्त्र जिथं मौन पाळतं, तिथं मुस्लिम परंपरेनं शब्दांत वर्णन केलं आणि चित्र मात्र बहुतेक ठिकाणी वर्ज्य मानलं.

चित्रकारांनी भरलेली जागा

युफ्रेटिसकाठी, आजच्या सीरियात, दुरा-युरोपोस इथं तिसऱ्या शतकातल्या एका घर-चर्चच्या भिंतीवर येशूची सर्वांत जुन्यांपैकी एक प्रतिमा सापडली. पक्षाघाती माणसाला बरा करणारा हा येशू तरुण, आखूड केसांचा आणि बिनदाढीचा आहे. रोमच्या भुयारी दफनभूमीतला मेंढपाळही तसाच. दाढी आणि लांब केस आले ते ख्रिस्ती धर्म रोमन दरबारात पोहोचल्यावर, झ्यूससारख्या देवांच्या प्रतिमांच्या वळणानं. सिनाई पर्वताच्या मठातलं सहाव्या शतकातलं चित्र पाहिलं की आजचा चेहरा घडून गेलेला दिसतो. मध्ययुगात लेंटुलस नावाच्या रोमी अधिकाऱ्याचं म्हणून एक पत्र फिरलं, त्यात भांगापासून दाढीपर्यंत सगळं बारकाईनं लिहिलेलं. ते बनावट ठरलं. तुरिनच्या कफनाची 1988 मध्ये तीन प्रयोगशाळांनी कार्बन चाचणी केली आणि कापड 1260 ते 1390 च्या दरम्यानचं निघालं.

आपल्या कॅलेंडरावरचा येशू याहून बराच अलीकडचा आहे. हाइनरिश हॉफमन या 19 व्या शतकातल्या जर्मन चित्रकाराच्या छापील प्रती आणि शिकागोच्या वॉर्नर सॉलमननं 1940 मध्ये रंगवलेलं ख्रिस्तमुख, ज्याच्या कोट्यवधी प्रती निघाल्या, हे त्याचे जवळचे पूर्वज. 2001 मध्ये बीबीसीच्या मालिकेसाठी रिचर्ड नीव यांनी त्या काळातल्या एका यहूदी पुरुषाच्या कवटीवरून चेहरा उभा केला : रुंद, सावळा, आखूड कुरळ्या केसांचा. तो येशूचा नव्हे, त्याच्या एखाद्या देशबांधवाचा चेहरा. लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या जोन टेलर यांनी 2018 च्या पुस्तकात साधारण साडेपाच फुटांच्या आत उंची, सावळी त्वचा, तपकिरी डोळे आणि आखूड केस असा अंदाज मांडला.

अजिंठ्याची उलटी वाट

हे सगळं समजून घ्यायला आपल्या जिल्ह्याइतकी चांगली पाठशाळा नाही. अजिंठ्याची 9 आणि 10 क्रमांकाची चैत्यगृहं इसवी सनापूर्वीची. त्यांच्या मूळ रचनेत बुद्धमूर्ती नाही, फक्त स्तूप आहे. बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातलं चौथं लेणंही तसंच. पाचव्या शतकातल्या 19 आणि 26 क्रमांकांच्या लेण्यांत स्तूपावरच बुद्ध कोरला गेला, आणि वेरूळच्या 10 व्या लेण्यात तो स्तूपापुढे ऐसपैस बसला. पण ग्रंथांत बुद्धाच्या देहाचं वर्णन भरपूर होतं. दीघ निकायात महापुरुषाची 32 लक्षणं दिली आहेत : तळपायावरची चक्रं, गुडघ्यांपर्यंत पोहोचणारे हात, सोन्यासारखी कांती आणि गडद निळे डोळे. निळे डोळे बौद्ध ग्रंथात सापडतात, बायबलातल्या येशूला नाहीत. कॅलेंडरं मात्र ते येशूलाच देतात. बौद्ध परंपरेत ग्रंथ बोलला आणि छिन्नी काही शतकं थांबली. ख्रिस्ती परंपरेत ग्रंथ गप्प राहिला आणि कुंचला पुढे धावला.

मराठी येशू

मराठी मनाला देवाचं रूप हवं असतं. विठ्ठलाचे कटीवरचे हात, सावळा रंग, कानांतली कुंडलं यांवर संतांनी अभंगच्या अभंग रचले. अशा भाषेत येशू आला तो चेहऱ्याविना. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण ओवीत रचलं आणि ते 1616 मध्ये गोव्यात राचोल इथं छापलं गेलं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी चेहऱ्याची ही उणीव नात्यानं भरून काढली. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू आहे, आई आहे. त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

मराठवाड्यातही येशूची गोष्ट सांगणारे सगळे गोरे नव्हते. 19 व्या शतकात औरंगाबादेत पारशी कुटुंबातून आलेले पाळक रतनजी नवरोजी होते. जालन्यात ब्राह्मण कुळातले नारायण शेषाद्री होते, आणि त्यांनी शेजारी बेथेल हे गावच वसवलं. गोष्ट देशी तोंडून आली, ऐकणाऱ्यांत महार-मांग समाजांतली माणसं मोठ्या संख्येनं होती, पण भिंतीवरची चित्रं युरोपातून येत राहिली. हा विसंवाद मोडण्याचा मोठा प्रयत्न गोव्यात 1902 मध्ये जन्मलेल्या आंजेलो द फोन्सेका यांनी केला. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकून ते परतले आणि मरीयेला साडी नेसवली. गोव्यातल्या लोकांना ते रुचलं नाही. पुढं पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून 1967 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते भारतीय चेहऱ्याचा येशू रंगवत राहिले. रंगांनी त्यांनी जे केलं, ते विचारांत अरविंद निर्मल यांनी केलं. 1981 मध्ये बंगळूरच्या व्याख्यानातून त्यांनी दलित ईश्वरशास्त्राची पायाभरणी केली. लोकांनी तुच्छ लेखलेला सेवक हा त्यांच्या मते दलितांचा स्वतःचा देव, आणि येशू स्वतः दलित.

फोन्सेकांवर आक्षेप घेणाऱ्यांना आणि आजही सावळा येशू पाहून नाक मुरडणाऱ्यांना शास्त्राचा आधार घेता येणार नाही. सॉलमनचा गोरा येशू आणि फोन्सेकांचा देशी येशू या दोघांनाही बायबलाची सारखीच परवानगी आहे, किंवा दोघांनाही नाही. मात्र यशयाचा सेवक, गर्दीत हरवणारा सुतार आणि माळी समजला गेलेला माणूस हे तिन्ही जमेस धरले, तर उन्हात रापलेला कष्टकऱ्याचा चेहरा शास्त्राला अधिक जवळचा आहे, हे कबूल करावं लागतं. तेव्हा यंदा नाताळला मंडळीच्या सभागृहासाठी चित्र निवडणाऱ्यांनी छापील कॅलेंडरावर न थांबता आपल्याच भागातल्या एखाद्या चित्रकाराला बोलवावं. आणि त्याच्या हाती कुंचला देण्याआधी यशयाचा 53 वा अध्याय द्यावा.