सुरकुत्यांपलीकडचे बोटॉक्स

रस्ता ओलांडताना अचानक दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि काही केल्या उघडेनात, तर? ‘ब्लेफॅरोस्पाझम’ या विकाराच्या रुग्णांना असा अनुभव वारंवार येतो. सुरुवात पापण्यांची उघडझाप वाढण्याने होते. डोळे कोरडे पडले असतील, चष्म्याचा नंबर बदलला असेल, ‘टेन्शन’ असेल, असे म्हणत बराच काळ निघून जातो. मग उन्हात, टीव्हीसमोर, बसमध्ये पापण्या आपोआप आवळल्या जाऊ लागतात. नजर उत्तम असूनही माणूस चाचपडत चालतो. अशा रुग्णांना सर्वाधिक उपयोगी पडणारे औषध तेच, ज्याचे नाव आपण सिनेतारकांच्या गप्पांमध्ये ऐकतो : बोटॉक्स.

बोटॉक्स हे खरे तर एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव. मूळ औषध म्हणजे ‘बोट्युलिनम टॉक्सिन’. ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ हा जिवाणू ते तयार करतो आणि आजवर माहीत असलेल्या विषांमध्ये ते सर्वांत जहाल मानले जाते. हा जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी, उदाहरणार्थ नीट न उकळता डबाबंद केलेल्या अन्नात, वाढतो. असे अन्न पोटात गेले की पापण्या जड होतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, बोलणे बोबडे होते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वसनाचे स्नायूही थकतात. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, असे डॉक्टर सांगतात त्यामागचे कारण हाच जिवाणू. मधात त्याचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या अपक्व आतड्यात ते रुजू शकतात.

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतील वुर्टेम्बर्ग भागात खराब सॉसेज खाऊन माणसे दगावत होती. युस्टिनस केर्नर या डॉक्टरने अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास करून १८२२ मध्ये ग्रंथ लिहिला. सॉसेजला लॅटिनमध्ये ‘बोट्युलस’ म्हणतात. त्यावरूनच या आजाराचे नाव पडले. हे विष अगदी अल्प प्रमाणात दिले, तर अतिउत्तेजित चेतासंस्थेला शांत करता येईल, असा तर्कही केर्नरने तेव्हाच मांडला होता. पुढे १८९५ मध्ये बेल्जियममधील एका गावात अंत्यविधीसाठी आलेल्या वादकांना हॅम खाऊन विषबाधा झाली. त्या प्रकरणात एमिल व्हॅन एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने प्रत्यक्ष जिवाणू शोधून काढला.

हे विष काम कसे करते? मेंदूचा आदेश चेतातंतूमधून स्नायूपर्यंत येतो आणि तिथे ‘अ‍ॅसिटिलकोलिन’ हे रसायन बाहेर पडले की स्नायू आकुंचन पावतो. हे रसायन बाहेर पडण्यासाठी लागणारे प्रथिनच बोट्युलिनम टॉक्सिन कापून टाकते. आदेश येतो, पण पोहोचत नाही. स्नायू सैल पडतो. इंजेक्शननंतर काही दिवसांत परिणाम जाणवू लागतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो. त्यानंतर चेतातंतूचे टोक पुन्हा कामाला लागते. त्यामुळे इंजेक्शन ठरावीक काळाने पुन्हा घ्यावे लागते.

अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेला पर्याय शोधत होते. त्यांनी हे विष आधी माकडांवर, मग रुग्णांवर वापरून पाहिले आणि १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिरळेपणा आणि ब्लेफॅरोस्पाझमसाठी तिथे १९८९ मध्ये मान्यता मिळाली. सुरकुत्यांचा शोध योगायोगाने लागला. कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्या एका रुग्ण महिलेच्या लक्षात आले की, पापण्यांसाठी इंजेक्शन घेतले की कपाळावरच्या आठ्याही जातात. जीन यांचे पती अ‍ॅलेस्टर त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून अभ्यास केला. अमेरिकेत या वापराला २००२ मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे हे औषध आधी डोळ्यांचे होते, सौंदर्याचे नंतर झाले.

आज त्याचा पसारा मोठा आहे. मान एका बाजूला वळून राहणे, लिहिताना बोटे आखडणे, पक्षाघातानंतर हाताची मूठ घट्ट मिटून बसणे, काखेत बेसुमार घाम येणे, लघवीवर ताबा न राहणे अशा अनेक तक्रारींत ते वापरतात. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस डोके दुखणाऱ्या जुनाट अर्धशिशीतही ते उपयोगी ठरते. नेहमीच्या, अधूनमधून होणाऱ्या डोकेदुखीत मात्र नाही.

सर्वांत जास्त काळजीपूर्वक विचार व्हायला हवा तो सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचा. पोटरीचे स्नायू ताठर झाल्याने मूल चवड्यांवर चालते, टाच टेकत नाही. इंजेक्शनने पोटरी सैल होते, पण हे तीन-चार महिने म्हणजे फक्त एक संधी असते. त्या काळात रोज ताण देण्याचे व्यायाम, गरजेनुसार पायाला आधारपट्टी आणि चालण्याचा सराव झाला, तरच फायदा पदरात पडतो. नुसते इंजेक्शन घेऊन घरी बसले, तर पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात. शिवाय स्नायू कायमचा आखूड होऊन सांधा जखडला, की हे औषध फारसे काही करू शकत नाही. मग शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. म्हणून ‘मोठा झाला की चालेल’ या आशेवर वर्षे घालवू नयेत.

सुरकुत्यांसाठी बोटॉक्स घेण्यात गैर काही नाही. मात्र आठ्या घालून, डोळे बारीक करून पडणाऱ्या रेषाच त्याने कमी होतात. सैल पडलेली त्वचा किंवा काळे डाग त्याने जात नाहीत. खरा धोका आहे तो ‘स्वस्तात बोटॉक्स’ देणाऱ्या जागांचा. फ्लोरिडामध्ये २००४ मध्ये औषध म्हणून मान्यता नसलेले तीव्र विष टोचल्याने चार जणांना लकवा झाला. त्यांत इंजेक्शन देणारा डॉक्टर स्वतःही होता. अमेरिकेत २०२४ मध्येही बनावट किंवा अप्रशिक्षित हातांनी दिलेल्या इंजेक्शनांमुळे अनेकांना त्रास झाला.

म्हणून इंजेक्शन देणारी व्यक्ती नोंदणीकृत आणि प्रशिक्षित डॉक्टर आहे ना, हे विचारावे. कुपी आपल्यासमोर उघडायला सांगावी, तिच्यावरचे नाव आणि मुदत वाचावी. एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटएवढे नसते, त्यामुळे घेतलेल्या औषधाची आणि मात्रेची नोंद जपून ठेवावी. गर्भवतींनी आणि ‘मायस्थेनिया’सारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनी ते आधीच डॉक्टरांना सांगावे. टोचलेल्या जागी थोडे दुखणे किंवा काही आठवडे पापणी किंचित खाली येणे संभवते. पण गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर लगेच रुग्णालय गाठावे.

आणि घरात कुणाचे डोळे सारखे मिटत असतील, मान वाकडी राहत असेल, तर त्याला ‘सवय’ किंवा ‘नाटक’ म्हणून सोडून देऊ नये. एकदा नेत्रतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे. उपचार आहे हेच माहीत नसल्याने अनेक जण वर्षानुवर्षे घरात बसून राहतात.